शिकागो विद्यापीठाची फुटबॉल टीम (डिक्शनरी उघडायला गेलो आणि कुठे जाऊन पोचलो)

टवाळ_टिटवी

परवा 'ठाण' शब्द बघायला मोल्सवर्थ उघडला. ऑनलाइन, छापील कोणाकडे असतो आता. आपण सगळे जो ऑनलाइन मोल्सवर्थ वापरतो तो शिकागो विद्यापीठाच्या साइटवर आहे, हे माहीत होतं पण कधी डोक्यात शिरलं नव्हतं. त्या दिवशी मॅच बघत बघत शोधत होतो (आम्ही नेपरव्हिलला राहतो, शनिवारी घरात अमेरिकन कॉलेज फुटबॉल चालूच असतं) तर मुलगा म्हणाला, बाबा या युनिव्हर्सिटीची टीम कधी टीव्हीवर दिसत नाही ती? म्हणलं नसेल, तिथे नुसते नोबेलवाले. मग सहज शोधलं आणि रात्रीचे दोन वाजले.

तर मंडळी, ज्या बिग टेनच्या (विद्यापीठांच्या टीम्सची लीग) मॅचेस लाखभर लोक स्टेडियममध्ये बसून बघतात, ती बिग टेन ज्या सात विद्यापीठांनी १८९६ मध्ये सुरू केली त्यातलं एक शिकागो. आणि नुसतं नावापुरतं नाही, सात वेळा चॅम्पियन!

सुरुवात अशी. विद्यापीठ रॉकफेलरच्या पैशातून निघालं, वर्ग भरले १ ऑक्टोबर १८९२ ला. पहिला प्रेसिडेंट विल्यम रेनी हार्पर. हा मूळचा येलमध्ये हिब्रू वगैरे शिकवणारा मास्तर, पण डोकं पक्कं व्यापाऱ्याचं. त्याला कळलं की नवीन विद्यापीठाचं नाव पेपरात यायला हवं असेल तर हिब्रूने येणार नाही, फुटबॉलने येईल. म्हणून त्याने येलमधला आपलाच जुना विद्यार्थी अमोस अलोन्झो स्टॅग याला बोलावला आणि थेट असोसिएट प्रोफेसर केला, कायमची नोकरी. फुटबॉल कोचला प्राध्यापकाचा दर्जा! तेव्हा इतर ठिकाणी कोच म्हणजे सीझनपुरता आलेला माजी खेळाडू असायचा.

स्टॅगला खरं तर पाद्री व्हायचं होतं पण भाषण जमेना म्हणून सोडलं. मग स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या कॉलेजात गेला, तिथे कोण भेटला तर जेम्स नेस्मिथ, बास्केटबॉल शोधणारा. मार्च १८९२ मध्ये बास्केटबॉलची पहिली जाहीर मॅच झाली, मास्तर विरुद्ध विद्यार्थी, मास्तर ५-१ ने हरले आणि तो एक पॉइंट स्टॅगचा.

शिकागोत पहिल्या वर्षी पोरंच पुरेनात तर हा कोच स्वतः टीममध्ये खेळला. पहिली मॅच कोणाशी? हाइड पार्क हायस्कूलशी. शाळेच्या पोरांशी! आणि दोनच वर्षांनी, १८९४ च्या नाताळात, हेच लोक ट्रेनने कॅलिफोर्नियाला जाऊन स्टॅनफर्डशी खेळत होते. पुढचं जेवून लिहितो.

मिरचीचा_ठेचा

हातात बॉल धरून पळतात आणि नाव फुटबॉल. आधी याचं उत्तर द्या मग पुढे जाऊ.

टवाळ_टिटवी

ठेचाभाऊ, आपण वडापावमध्ये पाव आधी येतो का विचारतो का कधी. सुरुवातीला लाथेलाच जास्त महत्त्व होतं, पॉइंटपण किकचेच जास्त असायचे. हळूहळू सगळं हातात आलं, नाव राहिलं.

अॅन_आर्बरचा_अण्णा

धाग्यात आमचा उल्लेख व्हायच्या आधी मीच येतो. मिशिगन आणि शिकागो हे तेव्हाचे हाडवैरी, ओहायो स्टेट वगैरे नंतर. थँक्सगिव्हिंगची मॅच यांच्यातच. १८९८ ला मिशिगनने शिकागोला १२-११ ने हरवलं, एका पॉइंटने, आणि ते बघून लुई एल्बेल नावाच्या आमच्या विद्यार्थ्याला घरी परत येता येता मिशिगनचं गाणं सुचलं जे आजही प्रत्येक टचडाउनला (बॉल समोरच्या गोलरेषेपार नेला की) वाजतं. म्हणजे लाखभर लोक उभे राहून जे गातात ते मुळात शिकागोला हरवल्याच्या आनंदात लिहिलेलं आहे, पण आता गाणाऱ्यांना शिकागोची टीम होती हेच माहीत नाही 😀

टिटवी, १९०५ लिहिणार असशील तर जपून लिही. जखम आहे ती.

टवाळ_टिटवी

अण्णा, जखमेवर मीठ टाकायलाच बसलोय.

३० नोव्हेंबर १९०५, शिकागो, थँक्सगिव्हिंग. मिशिगन ५६ मॅचेस हरलेलं नाही. त्या सीझनमध्ये आधीच्या बारा मॅचेसमध्ये ४९५ पॉइंट केलेले, विरुद्ध शून्य. परत वाचा, शून्य. कोच फील्डिंग योस्ट, टीमचं टोपणनावच मिनिटाला एक पॉइंट. आणि समोर स्टॅगची पोरं, त्यातला वॉल्टर एकर्सॉल हा क्वार्टरबॅक (टीमचा डाव चालवणारा), अंगाने लहानखुरा पण किक अशी की बॉल जिथे पाहिजे तिथे पडणार.

सगळी मॅच दोघं एकमेकांकडे बॉल ढकलतायत, ०-०. शेवटी शेवटी एकर्सॉलने बॉल उंच मारला तो थेट मिशिगनच्या गोलरेषेच्या मागे. तिथे डेनी क्लार्क. त्याने गप बॉल घेऊन खाली बसायचं तर तो घेऊन पळाला, रेषेच्या बाहेर आला, आणि शिकागोच्या दोघांनी त्याला धरून उचलून परत मागे नेला आणि आपटला. याला सेफ्टी म्हणतात, २ पॉइंट. कबड्डीत कसं, आत गेलेल्याला परत जाऊ देत नाहीत, इथे उलटं, बाहेर आलेल्याला परत त्याच्याच घरात कोंबला. मॅच संपली २-०. सगळा सीझन धरून मिशिगन ४९५, विरुद्ध २, आणि चॅम्पियन शिकागो.

अॅन_आर्बरचा_अण्णा

खेळाडू पुढे जिथवर पोचला तिथेच बॉल धरायचा, मग त्याला मागे ढकललं तरी, हा नियम तेव्हा नव्हता. आज झाली असती ती मॅच तर ०-०. एवढंच बोलतो 😐

सुमेधा_क

छान चाललाय धागा. एक भर घालते कारण १९०५ हे वर्ष दुसऱ्याच गोष्टीसाठी लक्षात आहे. त्या वर्षी देशभरात फुटबॉल खेळताना डझनाहून जास्त मुलं मेली. तेव्हा बॉल पुढे फेकायची परवानगीच नव्हती त्यामुळे सगळे एकमेकांचे पट्टे धरून एकच गठ्ठा करून समोरच्यावर घुसायचे, अंगावर धड संरक्षण काही नाही. थिओडोर रूझवेल्टने ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल, प्रिन्सटनच्या लोकांना व्हाइट हाउसला बोलावून झापलं. त्यानंतर १९०६ मध्ये फॉरवर्ड पास कायदेशीर झाला, आणि आजची एनसीएए (कॉलेजच्या खेळांची देशभरची संस्था) पण त्याच गडबडीतून जन्माला आली. म्हणजे आज जो लांब पास आपण टीव्हीवर स्लो मोशनमध्ये बघतो तो मुळात पोरं मरू नयेत म्हणून आणलेला नियम.

आणि ती २-० ची मॅच जुन्या नियमांच्या अगदी शेवटच्या दिवसांतली.

मिरचीचा_ठेचा

हे भारी आहे. मला वाटलेलं क्रिकेटच जुनं नि गुंतागुंतीचं.

टवाळ_टिटवी

सुमेधाताई धन्यवाद, हे मी लिहिणारच होतो पण इतकं नीट जमलं नसतं.

पुढे. स्टॅग शिकागोत ४१ सीझन राहिला, १८९२ ते १९३२. टॅकलिंग शिकवायला गादीची गुंडाळी टांगायची ही युक्ती त्याच्या नावावर, शिवाय हडल (डावाआधी घोळका करून ठरवणं), पाठीवर नंबर, असं बरंच काही त्याच्या खात्यावर टाकतात. मैदान आधी मार्शल फील्डच्या नावाने होतं, शिकागोचा तो दुकानवाला, जमीन त्यानेच दिलेली, नंतर तेच स्टॅग फील्ड झालं. कोच नोकरीवर असताना त्याच्या नावाचं मैदान!

१९२२ ला प्रिन्सटन शिकागोला आली ती मॅच टेलिफोनच्या तारांवरून न्यूयॉर्कला नेऊन रेडिओवर लावली. शिकागो २१-१८ ने हरलं. १९२४ ला इलिनॉयशी २१-२१, समोर रेड ग्रेंज, तेव्हाचा सगळ्यात मोठा स्टार. स्टॅगचा डाव काय तर बॉल त्याच्या हातात जाऊच द्यायचा नाही, चार यार्ड, पाच यार्ड, परत चार यार्ड, कंटाळा येईपर्यंत. ग्रेंजने तरी तीन टचडाउन केलेच. त्या वर्षी शिकागो चॅम्पियन, सातव्यांदा आणि शेवटचं.

१९२९ ला नवीन प्रेसिडेंट आला, रॉबर्ट हचिन्स, वय वर्षं तीस. हो तीसच. आणि १९३२ ला स्टॅगला सांगितलं, सत्तर झाले, रिटायर व्हा.

काकडे_काका

आमच्या ऑफिसात पण असंच होतं. माणसाचं आयुष्य गेलं तिथे आणि निरोपाला हार आणि भिंतीवरचं घड्याळ.

टवाळ_टिटवी

काका, हा म्हातारा घड्याळ घेऊन घरी बसला नाही! सत्तराव्या वर्षी उठून कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकला कोच झाला. आणि १९३८ ला ती टीम घेऊन शिकागोत आला, स्टॅग फील्डवर, म्हणजे स्वतःच्याच नावाच्या मैदानावर, आणि स्वतःच्याच जुन्या टीमला ३२-० ने धुतलं. १९४३ ला ८१ व्या वर्षी देशातला कोच ऑफ द इयर. गेला १९६५ ला, १०२ वर्षांचा होऊन.

काकडे_काका

वा! आज बायकोला वाचून दाखवतो.

नागपुरी_संत्रं

हाइझमन ट्रॉफीचं कोणीच नाही लिहिलं का बे? कॉलेज फुटबॉलचा सगळ्यात मोठा मान, आणि पहिला मानकरी शिकागोचाच, जे बर्वँगर, १९३५. तेव्हा ट्रॉफीला हाइझमन नाव पण नव्हतं, जॉन हाइझमन १९३६ ला वारले तेव्हा दिलं.

मग १९३६ ला एनएफएलने (प्रोफेशनल लीगने) पहिल्यांदा ड्राफ्ट केला, म्हणजे टीम्सनी आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडले, त्यात पहिलं नाव यांचंच. फिलाडेल्फियाने निवडलं, मग हक्क शिकागो बेअर्सकडे गेले. बर्वँगरने २५ हजार डॉलर मागितले, बेअर्सचे मालक जॉर्ज हलास म्हणाले जमत नाही. विषय संपला. पठ्ठ्या एक मॅच खेळला नाही प्रोफेशनल, फोम रबर विकायच्या धंद्यात गेला. आणि ती ट्रॉफी? त्याच्या मावशीकडे होती बरीच वर्षं, दाराला अडण म्हणून लावायच्या त्या. ब्राँझचा चांगला वजनदार पुतळा हाय, वाऱ्याने दार आपटत नसेल 😂

सुमेधा_क

मावशी की आत्या? इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द त्यामुळे कळायला मार्ग नाही. आपल्याकडे हा प्रश्न आधी सोडवल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही.

नागपुरी_संत्रं

आत्या असती तर दाराला नसती लावली, भावाच्या पोराचं कौतुक शोकेसमध्ये असतं. मावशी फायनल.

अॅन_आर्बरचा_अण्णा

बर्वँगरची अजून एक. १९३४ ला शिकागोने मिशिगनला २७-० ने हरवलं (हो हो, तेव्हा आम्ही पण वाईट होतो). त्यात बर्वँगरला अडवायला गेला आमचा सेंटर, बर्वँगरची टाच त्याच्या गालावर लागली आणि डाव्या डोळ्याखाली कायमची खूण राहिली. त्या सेंटरचं नाव जेराल्ड फोर्ड. पुढे राष्ट्राध्यक्ष!

पण पाचच वर्षांत हिशोब चुकता केला. टिटवी, १९३९ मी लिहू का?

टवाळ_टिटवी

लिही बाबा, तुझाच हक्क आहे.

अॅन_आर्बरचा_अण्णा

१९३९, मिशिगन ८५, शिकागो ०.

टायपो नाही. आणि खरी गंमत पुढे आहे, मिशिगनचा कोच तेव्हा फ्रिट्झ क्रिसलर, आमच्या हेल्मेटवर ते पंखासारखं डिझाइन आणणारा माणूस, तो मूळचा शिकागोचाच, स्टॅगच्या हाताखाली खेळलेला. ज्या घरात वाढला त्या घरावर ८५.

त्याच सीझनमध्ये हार्वर्डकडून ६१-०, ओहायो स्टेटकडून ६१-०, व्हर्जिनियाकडून ४७-०, इलिनॉयकडून ४६-०. बेलॉइट नावाचं छोटं कॉलेज, त्याच्याकडून पण ६-०. जिंकले फक्त वॉबॅश आणि ओबर्लिनशी. डिसेंबरमध्ये नाताळच्या सुट्टीत विद्यार्थी घरी गेलेले असताना विद्यापीठाने जाहीर केलं, फुटबॉल बंद. बिग टेनमधून रीतसर बाहेर पडले १९४६ ला, आणि ती जागा पुढे मिशिगन स्टेटला मिळाली.

विदर्भातला_वाघ्या

हचिन्स म्हणजे आपल्याकडचे ते मुख्याध्यापक जे पीटीच्या तासाला गणित घ्यायचे. स्वतःला खेळता येत नाही म्हणून दुसऱ्याचा खेळ बंद. सात वेळा चॅम्पियन टीम आणि एका पुस्तकी माणसाने संपवली.

सुमेधा_क

वाघ्या, नाही पटलं. टीम हचिन्सच्या सहीने मेली नाही, ती आधीच मेलेली होती, त्याने फक्त दाखला दिला. बाकी विद्यापीठं काय करत होती, खेळाडूंसाठी सोपे सोपे विषय काढायचे, पोटापाण्याला कुठलीतरी नावाला नोकरी लावून द्यायची, आणि शनिवारी मैदानात उतरवायचं. शिकागोत तसा सोपा विषयच उरला नव्हता, खेळाडूला पण बाकीच्यांसारखा तोच जड अभ्यास. मग चांगला खेळाडू कशाला येईल? आणि शहरात तोवर बेअर्स आलेले, शेजारी नोत्र दाम, लोकांना तिकडे जास्त मजा. हचिन्सचं म्हणणं होतं की तिकिटाच्या पैशासाठी हे सगळं चाललंय, तर तिकीटच दहा सेंट करा म्हणजे कळेल कोणाला खेळ हवाय आणि कोणाला पैसा. कोणी ऐकलं नाही अर्थात.

आज बघ ना. २०२१ पासून कॉलेजचे खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिराती घेऊन उघड पैसे कमावतात. मला काही वाईट वाटत नाही त्याचं, निदान आता ढोंग तरी नाही.

विदर्भातला_वाघ्या

ताई मग बाकीच्यांनी का नाही बंद केलं? मिशिगन काय अडाणी आहे का? अभ्यास आणि खेळ दोन्ही करतातच ना.

टवाळ_टिटवी

मला दोघांचं निम्मं निम्मं पटतं. मला जे लागलं ते वेगळंच, हा सगळा धंदा लावला कोणी? हार्परनेच ना. कोचला प्राध्यापक करा, स्पेशल डब्यातून देशभर फिरवा, मैदान वाढवा, पेपरात नाव आणा. बाकीच्यांनी शिकागोचं बघूनच केलं. पन्नास वर्षांच्या आत शिकागोचं काम झालेलं, नाव मोठं, नोबेलवाले यायला लागलेले, फुटबॉलची गरज संपली. शिडी चढून झाल्यावर शिडी काढली. म्हणून हचिन्सला शूर म्हणायला माझी जीभ रेटत नाही, त्याला ते परवडत होतं. मिशिगनला परवडलं असतं का काय माहीत.

बाय द वे शेवटचा कोच क्लार्क शॉनेसी, ८५-० खाल्लेला, बिचाऱ्याची नोकरी गेली. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डला गेला, टी फॉर्मेशन (खेळाडू उभे करायची एक मांडणी) लावलं, एकही मॅच न हरता रोझ बोल ही सीझनच्या शेवटची मानाची मॅच जिंकला. आणि त्याच १९४० मध्ये बेअर्सने, ज्यांना हाच शॉनेसी ते टी फॉर्मेशन शिकवायला मदत करायचा, फायनलमध्ये वॉशिंग्टनला ७३-० हरवलं. म्हणजे डोकं होतं, पोरं नव्हती.

मिरचीचा_ठेचा

आणि मैदानाचं काय झालं? प्लॉट पाडले असतील.

नागपुरी_संत्रं

ठेचाभाऊ, बसा. बसलात ना? त्या मैदानाच्या वेस्ट स्टँडखाली, प्रेक्षक बसायचे त्या पायऱ्यांच्या खाली, स्क्वॉश खेळायचं एक कोर्ट होतं. २ डिसेंबर १९४२ ला दुपारी तिथे एन्रिको फर्मीने जगातली पहिली माणसाने घडवलेली अणूंची साखळी प्रक्रिया सुरू केली. शिकागो पाइल वन.

मुळात ते शहराबाहेर आरगॉनच्या जंगलात करायचं होतं पण तिथे कामगारांचा संप झाला, बिल्डिंग वेळेत होईना, मग हे रिकामं स्टेडियम पडलेलंच होतं. ग्राफाइटच्या विटांचा ढीग, ५७ थर, एकावर एक. विटा रचायला जवळच्या वस्तीतली शाळा सोडलेली पोरं पण लावलेली. ग्राफाइटची काळी पूड अशी की जमिनीवर पाय सटकायचा आणि घरी जाताना सगळे कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे. स्टँडखाली हीटर नाही, शिकागोची थंडी, पहारेकरी कुडकुडायला लागले. तर कुठल्यातरी जुन्या लॉकरमध्ये रॅकूनच्या केसांचे ते लांब कोट सापडले, फुटबॉलच्या जमान्यात पोरं मॅचला घालून यायची ते. अणुबॉम्बच्या सगळ्यात गुप्त प्रयोगावर पहारा देणारे लोक फुटबॉलच्या चाहत्यांचे कोट घालून उभे!

काकडे_काका

मैदानात गर्दी असती तर हे झालं नसतं तिथे. बापरे.

हाइड_पार्कची_आई

मी फक्त वाचत असते, आज लिहिते. माझी मुलगी तिथे शिकते. टीम आता परत आहे हो! १९६० च्या आसपास परत खेळायला सुरुवात केली तेव्हा १९६३ ला विद्यार्थीच मैदानात ठाण मांडून बसले, आम्हाला फुटबॉल नको म्हणून. जगात कुठे पोरांनी खेळ बंद करा म्हणून धरणं धरलं असेल का. शेवटी १९६९ ला रीतसर टीम आली, आता डिव्हिजन थ्रीमध्ये (सगळ्यात खालच्या गटात) खेळतात, खेळाची स्कॉलरशिप वगैरे काही नाही. नवीन स्टॅग फील्ड थोडं पलीकडे आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही मॅचला गेलो, मोकळं मोकळं, घरून नेलेले पराठे बाकावर पसरून खाल्ले, शेजारच्या कुटुंबाने एक मागितला. आमच्या मागे दोन मुलं मॅच चालू असताना लॅपटॉपवर असाइनमेंट करत होती. कोणी टचडाउन केला की मान वर, टाळ्या, परत खाली. बर्वँगरची ट्रॉफी पण तिथल्या जिममध्ये काचेत ठेवली आहे, दारापासून लांब 😊

जुन्या मैदानाच्या जागी आता लायब्ररी आहे, रेगेनस्टाइन. आणि जिथे पाइल होता तिथे हेन्री मूरचं शिल्प, एका बाजूने कवटी वाटते. लायब्ररीत दक्षिण आशियाचा मोठा संग्रह आहे, लेक मला मराठीच्या रॅकपाशी घेऊन गेली. मैदानातलीच जागा ती. मी तिथे उभी राहून कुसुमाग्रज चाळले आणि लेक म्हणाली आई हळू बोल.

अॅन_आर्बरचा_अण्णा

म्हणजे एकर्सॉलने जिथून किक मारली तिथे आता मराठी पुस्तकं. बरं झालं. आमचा सूड पूर्ण.

मिरचीचा_ठेचा

सगळं झालं. टिटवी, 'ठाण' चा अर्थ सापडला का शेवटी?

टवाळ_टिटवी

सापडला. घोडा बांधायची जागा.